झेंड्याचं टोपडं

साहेब उतरून आत गेले, की मामू आधी झेंड्याला टोपडं घालायचे आणि मग स्वतः पाणी प्यायचे. दोहाच्या उन्हात दुपारी चार पावलं चाललं तरी घशाला कोरड पडते, पण हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही. बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यावर हातभर दांडी आणि तिच्यावर टॉवेलाएवढा झेंडा. मामू तो दांडीभोवती हलक्या हाताने गुंडाळायचे, वरून काळ्या कापडाची निमुळती पिशवी चढवायचे, खालची नाडी आवळायचे आणि तळव्याने एकदा थापटायचे. "नीज आता," असं त्याला सांगायचे. मग बाटलीचं झाकण उघडायचे.

तुम्हीही कधी सिग्नलला अशी गाडी शेजारी उभी पाहिली असेल. तिचा कायदा साधा आहे. राजदूत आत बसलेले असतील तरच झेंडा फडकायचा. ते उतरले की झाकायचा. रिकाम्या गाडीवर झेंडा फडकवत जाणं म्हणजे नवरदेव घरी ठेवून वरात काढण्यासारखं. तशी चूक झाली तर कोणी तुरुंगात टाकत नाही, पण फोन येतात, आणि ड्रायव्हरचं नाव या वकिलातीतून त्या वकिलातीत फिरतं.

आमची वकिलात एका लहानशा थंड देशाची. नाव मुद्दामच सांगत नाही. माझी आई नाशिकला शेजारणींना "माझी लेक त्या बर्फवाल्यांकडे कामाला आहे" एवढंच सांगते आणि तेवढं पुरतं. मी तिथे फ्रंट ऑफिसला होते, अजूनही आहे. नवरा रास लफानला गॅसच्या प्लांटवर शिफ्ट करतो, आम्ही अल थुमामात राहतो. अख्ख्या वकिलातीत मराठी बोलणारी माणसं दोन. एक मी आणि एक मामू, राजदूतांच्या गाडीचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहिलं. राजदूतही त्यांना "मिस्टर मामू" म्हणत. एका राजदूतबाईंना तर ते आडनाव वाटायचं.

मला ते "बाय" म्हणायचे. आमच्याकडे ह्या शब्दाचा अर्थ निरोप घेणे असा होतो हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळ्याचाच निरोप होतो. आमच्याकडे लेकीला बोलतात."

उंची बेताची, मिशा नाहीत, दाढी पांढरी आणि नीट कातरलेली. काळा सूट आणि पायात इतके चकचकीत बूट की त्यात गाडीचा दरवाजा दिसावा. पोटाचा घेर कोटाच्या बटणाशी रोज भांडायचा. "बटण हाय तवर नोकरी हाय," असं ते म्हणायचे आणि श्वास आत ओढून गाडीत बसायचे.

मोठ्या हॉटेलात मेजवानी असली की सगळ्या देशांच्या गाड्या खाली तळघरात एका रांगेत लागतात. ड्रायव्हर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसतात. त्यांना एकमेकांची नावं ठाऊक नसतात, देश ठाऊक असतात. "जपान, चहा घेतलास का?" "ब्राझील, गाडी जरा मागे घे, यल्ला, चल लवकर." त्यातला जपान केरळचा असायचा आणि ब्राझील नेपाळचा. मी एकदा साहेबांची विसरलेली फाइल द्यायला खाली गेले, तर अख्खं जग गळ्यातले टाय सैल करून वारा घेत बसलं होतं, आणि आमच्या बर्फाच्या देशाने पायातले बूट काढून पाय गाडीच्या चाकाला टेकवले होते. मी हसले तर म्हणाले, "हसू नको बाय. वर साहेब उभ्याने जेवतात, आम्ही निदान बसलोय."

गाडीत बोललेलं त्यांनी कधी बाहेर आणलं नाही. आम्ही सगळे त्यांना खोदून विचारायचो. कोणाची बदली होणार, कोणाला बढती, सुट्टी मंजूर होणार का. मामू पुढच्या काचेकडे बघत. "मागच्या सीटचं मागे," एवढं म्हणत आणि फडक्याने स्टिअरिंग पुसायला लागत. माझा स्वतःचा करार वाढवायचा की नाही, हे बोलणंही त्या गाडीत झालं होतं, हे मला नंतर कळलं. मामूंना ते आधी आठवडाभर माहीत होतं. त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा भजी आणून दिली, बस.

आता टोपड्याची गोष्ट. झेंड्याचं अधिकृत आवरण राजधानीहून येतं. ते तिथल्या हिमवर्षावासाठी बनवलेलं, जाड आणि आतून रबर लावलेलं. दोहाच्या उन्हात ते रबर विरघळून दांडीला चिकटलं. दुसरं मागवायचं तर पत्रव्यवहार आणि वाट बघणं. मामू ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेले, जाताना दांडीचं माप वितीने घेतलं, आणि परत आले ते तीन काळी टोपडी घेऊन. बायकोने शिवली होती, छत्रीच्या कापडाची. कोकणात छत्र्यांना तोटा नाही आणि ते कापड हलकं, चिवट. मापाचा नमुना तिने मुलीच्या लहानपणच्या टोपड्यावरून घेतला, खाली परकराची नाडी ओवली. वर्ष-दीड वर्षात ऊन त्याला खाऊन टाकायचं. मग गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर नवीन यायचं. आमच्या साहेबांना आजही वाटतं की ते दोहाच्याच कुठल्यातरी दुकानातलं आहे.

"झेंडा म्हणजे लेकरू," मामू मला समजावायचे. "डोकं उघडं राहिलं की बाधतं."

मी ह्यावर एकदा म्हटलं, "मामू, तुमची लेक लहान होती तेव्हा तिला टोपडं कोण घालायचं?"

"ती घालायची. मी इथं होतो." हे त्यांनी सहज सांगितलं आणि आरसा पुसला.

लेक आता सासरी, दोन मुलांची आई. घरात बायको एकटी. आणि तिचं मागणं एकच होतं, जे मला, गेटवरच्या पहारेकऱ्याला आणि तळघरातल्या जपानलासुद्धा माहीत होतं. रमजान ईद घरी करा. एकदा तरी.

ह्यात मोठं काय, असं तुम्हाला वाटेल. आखातातली माणसं जातात की ईदेला घरी. मामूही जायचे, जेव्हा ते ऑफिसची साधी व्हॅन चालवत होते. मग त्यांना झेंड्याची गाडी मिळाली. ईदेच्या सकाळी सगळ्या देशांचे राजदूत इथल्या अमीरांच्या दरबारात शुभेच्छा द्यायला जातात. रांगेने गाड्या, प्रत्येक गाडीवर झेंडा. ती सकाळ चुकवून चालत नाही, आणि झेंड्याच्या ड्रायव्हरला त्या दिवशी सुट्टी मागणं म्हणजे भटजींनी लग्नाच्या मुहूर्तावर रजा टाकणं. मामूंना बढती मिळाली आणि ईद गेली. सुट्टी मिळायची ती ऑगस्टमध्ये, राजदूत आपल्या देशी जायचे तेव्हा. बकरीद ऑगस्टात आली त्या एक-दोन वर्षी ती पदरात पडली. बाकी गावाला मामू ठाऊक ते पावसाळ्यातलेच. "आमच्या गल्लीतली पोरं मला छत्रीवाला बोलतात," ते सांगायचे. "त्यांनी मला कोरडा बघितलाच नाय."

ईदेच्या पहाटे ते पांढरा कुर्ता घालून ईदगाहवर नमाज पढायचे, तिथून थेट वकिलातीत यायचे आणि बाथरूममध्ये जाऊन काळा सूट चढवायचे. कुर्त्याची घडी डिकीत जायची. मी त्यांच्यासाठी डब्यात शिरखुर्मा न्यायचे. त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलेल्या कृतीने केलेला, खारका आदल्या दिवशी भिजवून. ते गाडीशेजारी उभ्यानेच खायचे, कोटावर सांडू नये म्हणून पुढे वाकून. फोन स्पीकरवर असायचा.

"कसा झालाय?" तिकडून आवाज.

"चांगला झालाय. तुझ्यासारखा नाय."

"बाय ऐकते ना बाजूला? असं बोलतात?"

"खरं ते बोललो."

मग ती विचारायची, "मी नवीन कपडे घातलेत. कोणासाठी घातलेत सांगा. कोंबड्यांसाठी?" मामू डबा मला परत द्यायचे आणि आतून साहेब येताना दिसले की फोन बंद करायचे. टोपडं काढून खिशात घालायचे, झेंडा मोकळा करायचे. कोंबड्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी कधी ऐकलं नाही.

साठी उलटल्यावर त्यांनी ठरवलं की आता कायमचं जायचं. ठरवलं म्हणजे मला सांगितलं. मी राजीनामा टाइप करून दिला. तो त्यांनी नीट घडी करून गाडीच्या खणात ठेवला, टिश्यूच्या डब्याखाली. कधी साहेबांचा मूड बरा नसायचा, कधी गाडीत पाहुणे असायचे. शेवटी धीर करून दिला, तेव्हा राजदूत होत्या त्या, मामू हे आडनाव समजणाऱ्या बाई. त्यांनी मामूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, फक्त फुटबॉलचा मेळा होऊ दे. मेळा झाला. मग बाईंचीच बदली झाली आणि जाताना त्यांनी नव्या साहेबांना सांगितलं, काहीही करा पण मिस्टर मामूंना सोडू नका. गाडी, फर्निचर, चांदीचे काटेचमचे आणि मामू, असा ताबा दिला गेला.

नवे साहेब तर सभ्यपणाचा कळस. उंच, किडकिडीत, शिपायालाही मान झुकवून नमस्कार करणारे. ते कधी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणत, अवश्य, मिस्टर मामू, उन्हाळ्यानंतर. उन्हाळ्यानंतर म्हणत, राष्ट्रदिन होऊन जाऊ द्या. मग त्यांचे मंत्री येणार असत. मामू प्रत्येक वेळी मान डोलवून बाहेर येत. "इन्शाल्ला बोलले," मला सांगत. साहेबांनी तो शब्द नुकताच शिकला होता आणि कुठे वापरायचा ते त्यांना बरोबर समजलं होतं.

इथे नोकरी सोडायची तर वकिलातीने सोडलं पाहिजे. ओळखपत्र त्यांचं, व्हिसा त्यांचा. मी म्हटलं, कायद्याने तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, मी कागद करते, तुम्ही सरळ जा. तर ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांना कुंपणावरून उडी मारायला सांगतेय. "पुढच्या दारानं आलो बाय. पुढच्याच दारानं जाईन."

साहेबांची एक अट होती. मामूंनी आपल्या जागी माणूस तयार करावा. एक तयार व्हायला आलाही, चांगला चाळिशीचा, हात साफ, रस्ते तोंडपाठ. पहिल्या दिवशी साहेब आत बसले तरी झेंडा टोपड्यातच. दुसऱ्या दिवशी साहेब उतरून गेले आणि झेंडा उघडा. मामू आत येऊन साहेबांना म्हणाले, "ड्रायव्हिंग गुड, सर. फ्लॅग नो." सांगताना त्यांचा चेहरा मी पाहत होते. तो दुःखी माणसाचा चेहरा नव्हता.

मला राग आला. "मामू, तुम्हाला जायचंय की नाही? तो शिकला असता आठवड्यात."

"जायचंय ना."

"मग?"

"असं कोणाच्या हातात द्यायचं म्हणजे," ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. माझ्या लक्षात आलं, पिंजऱ्याची कडी बाहेरून साहेबांनी लावली होती आणि आतून ह्यांनी. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. तो सगळा मी स्टेपलरवर काढला.

त्या हिवाळ्यात टोपडं फाटलं. नाडीच्या बाजूने उसवून पार चिंधी झाली. मामूंनी घरी फोन केला, नेहमीसारखा, माझ्या टेबलाशी उभं राहून, स्पीकरवर. तिकडे पलीकडच्या वाडीतला एक जण दोहाला निघालाच होता.

"त्याच्याबरोबर दे पाठवून," मामू म्हणाले.

"शिवून ठेवलंय," ती म्हणाली.

"मग दे ना त्याच्याकडे."

"नाय देणार. तुम्ही या आणि घेऊन जा."

मामू हसले. तिकडून हसू आलं नाही. "ईदेच्या आधी या," ती म्हणाली. "नाय आलात तर झेंड्याला सांगा, तुझी आई आता टोपडं शिवायची नाय." आणि तिने फोन ठेवला. एवढ्या वर्षांत तिने त्यांचा फोन आधी ठेवल्याचं मी प्रथमच पाहिलं. मामू फोनकडे बघत उभे राहिले आणि मग विचारलं, "बाय, तुझ्या मोबाईलला रेंज हाय का?" रेंज होती. दोघांच्याही होती.

मी दुसरं शिवून आणते म्हटलं, अल थुमामात आमच्या खालीच टेलर आहे. नको म्हणाले. राजधानीहून आलेलं एक जुनं आवरण स्टोअरमध्ये पडलं होतं, रबर नसलेलं, कुठल्यातरी मोठ्या दांडीच्या मापाचं. ते वापरायला लागले. झेंड्यावर ते मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखं लोंबायचं. मामू त्याला वरून रबरबँड लावायचे. थापटायचे मात्र नाहीत. "नीज" म्हणणंही बंद झालं.

रमजान तोंडावर आला असताना साहेबांना रास लफानला प्लांट बघायला जायचं होतं. मामूंनी त्यांना सकाळी सोडलं. साहेब परतणार होते दुसऱ्या एका राजदूतांबरोबर, त्यांच्या गाडीतून. मामूंनी रिकामी गाडी घेऊन दोहाला यायचं होतं. त्या दिवशी उत्तरेकडून वारा सुटला होता, रस्त्यावर रेतीचे पट्टे सरकत होते.

दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. परराष्ट्र खात्याच्या शिष्टाचार विभागातून एक अतिशय नम्र गृहस्थ बोलत होते. त्यांनी गाडीचा नंबर सांगितला. कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या हमरस्त्यावर, ही गाडी झेंडा फडकवत गेली, चौकातल्या पोलिसाने राजदूत आहेत असं समजून वाहतूक थांबवून दिली, सलाम केला, आणि मागच्या सीटवर कोणी नव्हतं. काही गैरसमज झाला असावा, ते म्हणाले. मी माफी मागितली.

मामू आले. मी बाहेर धावत गेले. झेंडा उघडा होता, वाऱ्याने एका कडेला दोरा निघालेला. आवरण नव्हतं.

"उडालं?" मी विचारलं.

"उडालं. अल खोरच्या पुढे."

मला हायसं वाटलं. "मग काही नाही. वाऱ्याने उडालं, तुम्हाला कळलं नाही. साहेबांना तसंच सांगायचं. मी सांगते."

मामूंनी खिशातला रुमाल काढून झेंड्याला गुंडाळला आणि गाठ मारली. मग पाणीही प्यायले नाहीत.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. मला टिपण घ्यायला बसवलं होतं. साहेब ओशाळले होते, जणू चूक त्यांचीच. त्यांनी मामूंना बसायला सांगितलं. मामू उभेच राहिले. मग साहेबांनी आपल्या त्या मऊ इंग्रजीत स्वतःच सगळं उत्तर तयार करून दिलं. वारा फार होता. आवरण सैल होतं, त्याची तक्रार तुम्ही आधीच केली होती. तुम्हाला बहुधा दिसलं नाही. असंच ना, मिस्टर मामू?

मी वहीत "दिसलं नाही" असं लिहायलाही सुरुवात केली होती. त्या क्षणी फक्त मान डोलवायची होती. मान डोलवली असती की माफी, नवं आवरण, आणि उन्हाळ्यानंतर बघू.

"नो सर," मामू म्हणाले. "आय सॉ. आय सॉ इट गो. आय नॉट स्टॉप."

साहेबांनी पुन्हा विचारलं, हळूच, दार किलकिलं ठेवल्यासारखं. कदाचित थांबायला जागा नव्हती?

"प्लेंटी प्लेस, सर."

साहेब चष्मा काढून पुसत राहिले. ह्या माणसाला आता माफ कसं करायचं हे त्यांना कळेना, कारण माफ करण्यासाठी लागणारं खोटं मामूंनी दिलंच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, मला वाटतं तुम्ही फार थकला आहात. मग म्हणाले, तुमची ती विनंती, ती माझ्याकडे अजून आहे. मी ती मंजूर करतो. मामूंनी हात छातीवर ठेवून मान लववली आणि बाहेर आले.

मी त्यांच्यामागे पार्किंगमध्ये गेले. मला रडू येत होतं, रागानेच. "मामू, इतक्या वर्षांचं नाव. आता तळघरात सगळे देश काय बोलतील? मी सांगत होते तेवढं सांगायला काय झालं होतं? गाडीतलं तर तुम्ही कधी कोणाला सांगत नाही."

"मागच्या सीटचं नाय सांगत," ते म्हणाले. "आज मागं कोणी नव्हतं बाय. जे झालं ते पुढच्या सीटचं. ते माझं."

मग गाडीच्या बॉनेटला टेकून त्यांनी सांगितलं. आरशातून नाही, समोरच्या काचेतूनच ते फडकं सुटताना दिसलं. रबरबँड तुटला, ते दोनदा फडफडलं आणि वाळवंटात गेलं. पाय ब्रेकवर गेला होता. "तिनं शिवलेलं असतं तर उडालंच नसतं. मला वाटलं, हे हिचंच काम. तिकडून ओढलंन." मग पाय ब्रेकवरून उचलला. झेंडा समोर मोकळा फडकत होता आणि गाडीत ते एकटे. इतकी वर्षं तो झेंडा त्यांनी उघडला आणि झाकला, पण फडकताना नीट बघितला नव्हता, कारण तेव्हा लक्ष रस्त्यावर आणि आरशातल्या साहेबांवर. "चौकात पोलिसानं सलाम ठोकला. मी घेतला. परत केला नाय." एवढं बोलून ते जरा हसले. मग म्हणाले, "वाईट झालं. नाव गेलं. पण ईद मिळाली."

पुढच्या दाराने जायचं होतं त्या माणसाला, असं मला आत टोचत राहिलं. निरोप समारंभ झाला नाही, चूक करून जाणाऱ्याचा करत नाहीत. साहेबांनी चहा मात्र दिला, स्वतःच्या हाताने ओतून. रोजा असल्यामुळे मामूंनी तो नुसता हातात धरला.

तो चाळिशीचा माणूसच पुन्हा आला. मामूंनी त्याला आठवडाभर शिकवलं आणि तो शिकला, मी म्हटलं होतं तसाच. जायच्या दिवशी वकिलातीची व्हॅन त्यांना विमानतळावर सोडायला निघाली. मी बरोबर होते. नव्या ड्रायव्हरने आदराने मागचं दार उघडलं. मामूंनी ते बंद केलं आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले. विमानतळ काही लांब नाही, पण तेवढ्या वाटेत त्यांचा उजवा पाय प्रत्येक सिग्नलला खाली दाबला जात होता. उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाय," म्हणाले. ह्या वेळी कुठल्या अर्थाने ते मी विचारलं नाही.

ईदेच्या सकाळी मी सवयीने शिरखुर्मा करून नेला आणि डबा टेबलावर तसाच राहिला. नवा माणूस गाडी घेऊन निघाला, झेंडा वेळेवर उघडलेला. थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल आला. मामू ओटीवर बसले होते, पांढऱ्या कुर्त्यात, कोरडेठाक. मागे माड आणि ऊन.

"साहेब निघाले?"

"निघाले."

"झेंडा?"

"उघडला. सगळं ठीक आहे मामू. ईद मुबारक."

"पहाटेपासून उठून बसलेत," त्यांच्या बायकोने फोन ओढून घेतला. पहिल्यांदाच मी तिचा चेहरा पाहत होते. रुंद कपाळ, नाकात चमकी, नवी कोरी हिरवी ओढणी. "अंगणातून दोनदा गेटपर्यंत जाऊन आले. बोलले, गाडी आली काय बघतो. मी बोलले, बसा, आज तुम्हाला कुठं नाय जायचं." मग तिने ओढणीचं टोक कॅमेऱ्यासमोर धरलं. "कशी दिसते सांग बाय. ह्यांनी काय बोलायच्या आधीच डोळे पुसले."

मामू मागून म्हणाले, "कोंबड्यांना विचार." आणि ती हसत सुटली. माझ्या टेबलाशी चार लोक व्हिसाच्या रांगेत उभे होते, त्यामुळे मी फोन बंद केला. दिवसभर मला घरी जावंसं वाटत होतं, आणि घर म्हणजे अल थुमामा की नाशिक हे ठरत नव्हतं. उन्हाळ्यानंतर बघू, असं मीही स्वतःला सांगते हे तेव्हा लक्षात आलं.

त्यानंतर महिनाभराने त्यांच्या गावचा दुसरा एक माणूस सुट्टीहून दोहाला परत आला आणि माझ्या घरी एक पुडकं देऊन गेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. आत टोपडं होतं. छत्रीचं काळं कापड, परकराची पांढरी नाडी.

तिने शिवून ठेवलेलं हेच, असं मला वाटलं. खिडकीशी नेऊन पाहिलं. एका बाजूची शिवण नेहमीची, बारीक आणि सरळ. दुसऱ्या बाजूचे टाके मोठे, वाकडे, कुठे जवळ तर कुठे लांब, दोन ठिकाणी उसवून पुन्हा घातलेले. तो हात सुईचा नव्हता, स्टिअरिंगचा होता. दोघं शेजारी बसून शिवत होते. तिने एका टोकाने सुरुवात केली असणार आणि त्यांनी दुसऱ्या, आणि टोकाशी जिथे दोघांचे दोरे भेटले तिथे एकच गाठ होती, तिने मारलेली.

दुसऱ्या दिवशी ते मी नव्या ड्रायव्हरला दिलं. साहेब आत गेल्यावर त्याने ते दांडीवर चढवलं आणि नाडी आवळली. अगदी बेतशीर बसलं. तो पाणी प्यायला वळला, तेव्हा मी जवळ जाऊन त्या वाकड्या टाक्यांवरून हात फिरवला आणि थापटलं. नीज म्हणायला माझी जीभ उचलली नाही.